पहिला दिवस गळाविना

अनोळखी पाण्यावर पहिल्या दिवशी मी गळ नेत नाही. कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी असते, वल्हं असतं, अंगात पाणी आत न शिरू देणारा ड्रायसूट आणि त्यावर लाइफ जॅकेट असतं. रॉड मात्र गाडीतच राहतो. सॅमनचा मोसम मोजक्या दिवसांचा. त्यात कोटा भरला की एखादा भाग ठरल्या तारखेआधीच बंद होतो. अशा मोसमातला एक अख्खा दिवस नुसतं वल्हवण्यात घालवायचा, हे बरोबरच्यांना पटत नाही. धक्क्यावर कुणीतरी हमखास विचारतं, "काही लागलं का?" मी सांगते, "आज पाणी बघायला आले होते." काही जण समजल्यासारखी मान हलवतात आणि मग तासभर त्या पाण्याबद्दल बोलत बसतात. मला जे हवं असतं ते नेमकं हेच.

या नियमामागे एक सकाळ आहे.

वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला ऑलिंपिक द्वीपकल्प आहे आणि त्याच्या उत्तरेला हुआन द फुका सामुद्रधुनी. पलीकडे कॅनडाचं व्हँकुव्हर बेट. सीक्यू गावापाशी उभं राहिलं की समोरचा किनारा साधारण 20 किलोमीटरवर, निळसर डोंगरांची एक रेघ म्हणून दिसतो. प्रशांत महासागर आत शिरतो तो याच दारातून, आणि बाहेर पडतो तोही याच दारातून. प्युजेट साउंड ही आतली मोठी खाडी आणि कॅनडातली फ्रेझर नदी यांच्याकडे परतणाऱ्या सॅमनपैकी कितीतरी मासे इथून जातात. सीक्यूच्या पश्चिमेला किनाऱ्यालगत खडकांची एक ओळ आहे, तिला तिथले लोक 'केव्ह्ज' म्हणतात. खोल पाणी किनाऱ्याच्या अगदी जवळ येतं, म्हणून कयाकवाल्यांना ती जागा फार आवडते. मलाही आवडली होती, आणि तीही दुरूनच, नकाशावर बघून.

पहाटे पाच चाळीसला मी पाण्यात उतरले. नवरा धक्क्यावर होता. आमचं आदल्या रात्रीच ठरलं होतं: मी आठला परत वळणार, साडेनऊपर्यंत धक्क्यावर पोचणार, आणि दहा वाजले तरी दिसले नाही तर त्याने तटरक्षक दलाला फोन करायचा. दहाला म्हणजे दहाला. आधी मला चार वेळा फोन लावून बघायचा नाही, शेजारच्या बोटवाल्याला विचारत बसायचं नाही. तिथे पाण्यावर फोनला रेंज नव्हतीच. आठची वेळ मी भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काढली होती. त्यानंतर ओहोटीचा जोर वाढणार होता आणि दुपारकडे पश्चिमेचा वारा सुटणार होता.

वारा पडलेला होता. पाणी तेलासारखं. मी रॉड होल्डरमध्ये ठेवला, फ्लॅशर सोडला, मागे हेरिंग या लहान माशाचा तुकडा लावलेला गळ. फ्लॅशर म्हणजे हातभर लांबीची चकचकीत पट्टी. ती पाण्यात गिरक्या घेते आणि माशाला वाटतं, कुणीतरी आधीच शिकार साधतंय. हळूहळू वल्हवत मी ते सगळं मागून ओढत होते. दोन तास काही नाही. सील डोकं वर काढून बघून गेला. सात पन्नासला रॉड वाकला, आणि पुन्हा सरळ झालाच नाही.

चिनूक होता. किंग सॅमन. पहिल्या धावेतच कळतं. कोहो, म्हणजे सॅमनचीच दुसरी जात, असला तर वर येतो, उड्या मारतो, चिनूक खाली जातो आणि मुंडी झटकत राहतो. प्रत्येक झटका मनगटातून खांद्यापर्यंत येतो. त्या राज्याच्या समुद्रात सॅमनसाठी गळाला काटा ठेवता येत नाही; गळाच्या टोकामागचं ते उलटं दातेरी टोक काढलेलंच असावं लागतं. कारण चांगलं आहे. ज्या माशाला सोडून द्यायचं आहे त्याचं तोंड फाटू नये. पण त्याचा अर्थ असा की दोर क्षणभर जरी ढिला पडला तरी मासा सुटतो. म्हणून दोन्ही हात रॉडवर, डोळे दोराच्या पाण्यात शिरणाऱ्या बिंदूवर. मासा कयाकखालून पलीकडे गेला की रॉडचं टोक पाण्यात बुडवून पुढच्या बाजूने फिरवून आणायचं. आणि या सगळ्या वेळात वल्हं मांडीवर आडवं पडलेलं. म्हणजे कयाक चालवणारं कुणीच नाही.

वीस मिनिटं गेली. मासा बाजूला आला तेव्हा मी जाळं न घालता आधी त्याला नीट पाहिलं. हिरड्या काळ्या, शेपटीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके, म्हणजे चिनूकच. पाठीवर शेपटीआधी एक छोटासा मांसल पर असतो. हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो पर सोडण्याआधी कापतात, म्हणजे मोठेपणी ओळखता येतं. याचा पर शाबूत होता. रानटी मासा. त्या भागात त्या दिवसांत रानटी चिनूक ठेवायला परवानगी नव्हती, आणि सोडायचा मासा कयाकमध्ये उचलून घेणंही नियमाविरुद्ध होतं. मी पाण्यातच पक्कडीने गळ फिरवला. तो सुटला, एक क्षण तिथेच तरंगला, आणि खाली गेला.

मग मी मान वर केली. केव्ह्जचे खडक डाव्या हाताला हवे होते. तिथे नव्हते. दुसराच कुठला तरी कडा होता, त्यावर वाकलेली झाडं होती, आणि तो मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

नंतर मी हिशोब मांडला तो असा. ओहोटीचा प्रवाह दोन नॉटच्या आसपास असावा, म्हणजे ताशी 3.7 किलोमीटर. वीस मिनिटांत मी पश्चिमेला, महासागराच्या दिशेने, सव्वा किलोमीटर वाहून गेले होते. मासेमारीच्या सामानाने लादलेली कयाक मी दमदारपणे वल्हवली तर सलग तीन नॉटनी चालते. समोरून दोन नॉटचा प्रवाह असेल तर हाती उरतो एक. वीस मिनिटांत गमावलेलं अंतर भरून काढायला चाळीस मिनिटं. त्यापुढे धक्क्यापर्यंतचं मूळ अंतर आहेच, आणि प्रवाह अजून वाढणारच होता. हे गणित घरी बसून दोन ओळींत होतं. पाण्यावर ते खांद्यांनी करावं लागतं.

मी सरळ वल्हवायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांनी किनाऱ्यावरचं एक पांढरं झाड जिथल्या तिथे आहे हे पाहिलं. पोटात खड्डा पडला. पण त्याच वेळी किनाऱ्यालगत केल्प दिसला. बुल केल्प, तळाच्या खडकाला धरून वाढणारं ते लांबच लांब समुद्री शेवाळ. वर कांद्याएवढा फुगा आणि त्याला फुटलेल्या पट्ट्या. मोकळ्या पाण्यातल्या पट्ट्या पश्चिमेकडे ताठ ओढलेल्या होत्या. किनाऱ्याजवळच्या मात्र सैल होत्या, एका खडकामागे तर उलट्या, पूर्वेकडे वळलेल्या. म्हणजे तिथे पाणी उलटं फिरत होतं. मी आत गेले. केल्पच्या कडेकडेने, एका खडकाच्या आडोशातून दुसऱ्या खडकाच्या आडोशाकडे जात राहिले. दम लागला की केल्पचे दोन दांडे एकत्र मुठीत धरायचे आणि थांबायचं. तो नांगराचं काम करतो आणि हात सोडला की सुटतो. नऊच्या सुमारास पश्चिमेचा वारा आला. माझ्या पाठीवरच होता, पण वारा पूर्वेकडे आणि पाणी पश्चिमेकडे, त्यामुळे बाहेरच्या बाजूला लाटा आखूड आणि उभ्या होऊ लागल्या. अशा लाटेत कयाकचं मागचं टोक उचललं जातं, ती आडवी फिरते. केल्पच्या आत त्याच लाटा मऊ होऊन येत होत्या.

नऊ पंचावन्नला मी धक्क्याच्या आत वळले. नवरा टोकाशी उभा होता, हातात फोन.

"अजून पाच मिनिटं होती," तो म्हणाला.

"केला असतास फोन?"

"हो. ठरलंय ना."

बाकी काही बोलला नाही. कयाक वर ओढायला त्याने हात लावला तेव्हा त्याचे हात माझ्यापेक्षा गार होते.

त्या सकाळी मी बेफिकीर होते असं मला आजही वाटत नाही. ड्रायसूट होता, रेडिओ होता, वेळा ठरलेल्या होत्या, हवामान पाहिलेलं होतं. आणि तरीही आठ वाजता वळायचं ते मी वळले नाही, कारण आठ वाजता मी तिथे नव्हतेच. तिथे होती ती मासा लागलेली बाई. तिला घड्याळ दिसत नाही, किनारा दिसत नाही. तिला दोर दिसतो. मला या गोष्टीचा राग येत नाही. त्या तल्लीनतेसाठीच तर मी पाण्यावर जाते, ती नसेल तर सॅमनमागे जाण्यात मला रस उरणार नाही. पण त्या बाईच्या हातात निर्णय ठेवून चालत नाही. जे ठरवायचं ते किनाऱ्यावर, कोरड्या पायांनी, मासा लागलेला नसताना ठरवायचं आणि तिच्यासाठी लिहून ठेवायचं. म्हणून आता माझा रॉड वळायच्या वेळेच्या अर्धा तास आधी वर येतो. वळायची वेळ आठ असेल तर साडेसातला गळ पाण्याबाहेर. साडेसातला एक मिनिट कमी असताना मासा लागला तरी त्याच्यासाठी अर्धा तास राखून ठेवलेला असतो.

आणि म्हणूनच पहिला दिवस गळाविना. कारण अनोळखी पाण्यावर किती वाजता वळायचं हे ठरवायला लागणारी माहितीच माझ्याकडे नसते.

ती माहिती तक्त्यात मिळते असा माझा समज होता. अर्धीच मिळते. भरतीच्या तक्त्यात पाण्याची उंची असते. प्रवाहाचा तक्ता वेगळा असतो, आणि जीव गुंतलेला असतो तो दुसऱ्यात. भरती पूर्ण झाली की पाणी थांबतं हे ऐकायला बरोबर वाटतं. कित्येक ठिकाणी तसं होत नाही. सामुद्रधुनीत, चिंचोळ्या खाडीत पाणी वर चढून संपल्यावरही आत वाहत राहू शकतं, थांबण्याची वेळ तासा-दोन तासांनी पुढेमागे असते. बाराव्या हिश्शाचा जो नियम पुस्तकांत असतो तोही मी पाठ केला होता: सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला एक हिस्सा पाणी उतरतं, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. ज्या किनाऱ्यांवर दिवसातल्या दोन्ही भरत्या सारख्याच उंचीच्या असतात तिथे तो बरा चालतो. या किनाऱ्यावर त्या सारख्या नसतात. एक भरती मोठी, एक लहान. एक ओहोटी खोल, दुसरी जेमतेम. मोठ्या भरतीमागून खोल ओहोटी आली की सगळं पाणी एकाच दारातून घाईने निघतं. उधाणाच्या दिवसांत तर अधिकच. त्यामुळे आता मी नव्या जागेसाठी भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो असे दिवस निवडते, प्रवाहाच्या तक्त्यात त्या जागेच्या सर्वांत जवळचं ठिकाण शोधते आणि पाणी थांबण्याच्या वेळेआधी तासभर तिथे पोचते. मग बघत बसते. तक्ता म्हणतो सहा दहा. पाणी प्रत्यक्षात केव्हा थांबलं? किनाऱ्यालगत आणि बाहेर एकाच वेळी थांबलं का? हे सगळं मी एका वहीत लिहिते, पेन्सिलने, कारण पेन्सिल ओल्या कागदावरही चालते.

याच राज्यातल्या व्हिडबी बेटाच्या उत्तर टोकाशी डिसेप्शन पास नावाची फट आहे. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या 1792 च्या मोहिमेत आधी तो भाग द्वीपकल्प समजला गेला. मग जोसेफ व्हिडबीने ही अरुंद वाट शोधली आणि ते बेट आहे हे कळलं. फसगत झाली म्हणून नाव फसवी वाट. तिथे जोराच्या वेळी प्रवाह आठ नॉटपर्यंत जातो. मी पुलावर उभी राहून तो पाहिला आहे, खाली भोवरे उमलत होते आणि मिटत होते, आणि तासाभराने त्याच पाण्यावरून एक माणूस निवांत वल्हवत गेला. एकाच जागेची ती दोन रूपं होती. नकाशावर दोन्ही वेळी निळा रंग सारखाच.

आता थंडीबद्दल. इथे मला घाई करावीशी वाटत नाही.

सामुद्रधुनीचं पाणी ऐन उन्हाळ्यातही साधारण 10 ते 12 अंशांच्या आसपास असतं. वर ऊन असतं, टी-शर्टात बसावंसं वाटतं. कपडे मात्र हवेसाठी घालायचे नसतात, पाण्यासाठी घालायचे असतात. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट थंड पाण्यात माणसाच्या शरीराचं काय होतं याचा अभ्यास करतात. त्यांनी कित्येकदा स्वतःच बर्फाळ पाण्यात उतरून तो केला आहे. त्यांचं सूत्र 1-10-1 असं आहे. पडल्यावर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट. हातपाय कामाचे असतात अशी दहा मिनिटं. आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास. बहुतेक लोकांना तो शेवटचा तास माहीत असतो आणि त्यावर ते विसंबतात. पण माणसं बुडतात ती पहिल्या मिनिटात आणि त्यापुढच्या दहांत. थंड पाणी छातीला लागताच माणूस आपोआप जोराने श्वास आत ओढतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पुढचं काही उरत नाही. लाइफ जॅकेट त्या एका मिनिटासाठी आहे. कयाकमागे गुंडाळून ठेवलेलं जॅकेट त्या मिनिटात घालता येत नाही.

मी हे वाचलं होतं, आणि मला ते ठाऊक आहे असं वाटत होतं. नंतर एका शांत खाडीत, शिकवणाऱ्या बाई शेजारी असताना, मुद्दाम कयाक उलटवली. अंगात ड्रायसूट होता, हात उघडे होते. पहिल्या मिनिटात मी काही बोलूच शकले नाही. श्वास माझ्या मालकीचा नव्हता. "आता फक्त श्वास सोडा, आत आपोआप येईल," त्या म्हणाल्या. मग कयाक सरळ करून पालथं पडून चढायला शिकले: पाय पाण्याच्या पृष्ठभागाशी आणून लाथा मारायच्या, पोटावर सरकत आडवं चढायचं, मग उताणं होऊन बसायचं. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्या वेळेपर्यंत बराच वेळ पाण्यात गेला होता, आणि जॅकेटचा खिसा उघडायला गेले तर चेनची कडी बोटांत धरता येईना. बोटं दिसत होती, हलतही होती, पण ती माझं ऐकत नव्हती. त्या खिशात रेडिओ होता.

त्या दिवसापासून रेडिओ जॅकेटच्या बाहेर छातीवर असतो, एका अंगठ्याने दाबता येईल असा, संकटाच्या हाकेसाठी असलेल्या चॅनेल 16 वर लावलेला. चाकूही छातीवर. कयाकमध्ये ठेवलेल्या वस्तू कयाक हातात असेपर्यंतच आपल्या असतात; वाऱ्यावर रिकामी कयाक इतक्या वेगाने निघते की पोहून गाठता येत नाही. चाकू कशासाठी, असं नवे लोक विचारतात. प्रवाहात टाकलेल्या नांगराचा दोर अडकला तर कापायला. खेकड्यांच्या पिंजऱ्याच्या दोरात गळ गुंतला, प्रवाह कयाकला ओढतोय आणि कयाक एका अंगावर झुकतेय, तर तो दोर कापायला. चांगला फ्लॅशर आणि दहा-वीस मीटर दोर जातो. जाऊ द्यावा. मी नांगर तर आता वाहत्या पाण्यात टाकतच नाही.

कयाक उलटण्याचा सर्वांत मोठा धोका कुठल्या क्षणी असतो, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, मासा जाळ्यात घेताना. लाटांत माणूस सावध असतो. मासा बाजूला आला की तो आनंदाने वाकतो. डोकं कयाकच्या कडेबाहेर गेलं की अंग त्याच्यामागे जातं. म्हणून नाक नेहमी कयाकच्या मधल्या रेषेवर ठेवायचं आणि हात लांब करायचा. लांब दांड्याचं जाळं त्यासाठीच.

धुक्याचा अनुभव मला दुसऱ्या वर्षी आला. ऑगस्टमध्ये सामुद्रधुनीवर धुकं ही नेहमीची गोष्ट आहे. ते किनाऱ्याकडून नाही, समुद्राकडून भिंतीसारखं येतं, आणि दहा मिनिटांत आपल्या कयाकचं पुढचं टोक एवढंच जग उरतं. त्या सकाळी मला जहाजाचा भोंगा ऐकू आला. धुक्यात चालत असलेल्या यांत्रिक जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यायचा असतो. मी मोजत राहिले. दिशा कळेना, धुक्यात आवाज सगळीकडून येतो. 20 नॉटनी येणारं जहाज चार सागरी मैलांवरून बारा मिनिटांत डोक्यावर असतं. त्याच्या वरच्या मजल्यावर बसलेल्यांना जहाजाच्या पुढच्या टोकाखालचं बरंच पाणी दिसतच नाही, आणि प्लास्टिकची कयाक रडारवर जवळजवळ नसतेच. मी त्यांच्या मार्गापासून खूप आत, किनाऱ्याजवळ होते. हे मला माहीत होतं, कारण धुकं दिसताक्षणीच होकायंत्रावर किनाऱ्याची दिशा वाचून ठेवली होती. माहीत असूनही घसा कोरडा पडला. दक्षिण धरून चालत राहिले ते थेट केल्पचा वास येईपर्यंत. तो आयोडीनसारखा, ओल्या दगडासारखा वास मला तेव्हा जितका सुखाचा वाटला तितका क्वचितच काही वाटलं असेल. बऱ्याच वेळाने, जहाज केव्हाच निघून गेल्यावर, त्याच्या लाटा किनाऱ्यावर येऊन फुटल्या. तेव्हापासून जहाज गेल्यावरही मी थोडा वेळ लाटेकडे तोंड करून थांबते.

'अनोळखी पाणी' हा शब्द मी इतक्यांदा वापरला, पण ते अनोळखी आहे ते मला. सीक्यूच्या पश्चिमेला नीआ बे आहे, तिथे मकाह लोक राहतात. रेड सीडर झाडाच्या एका खोडातून कोरलेल्या होड्या घेऊन हे लोक खुल्या महासागरात देवमाशामागे जात. त्यांनी 1855 च्या करारात जमीन सोडली, मासेमारीचा हक्क सोडला नाही. पुढे कित्येक वर्षं इथल्या आदिवासींना त्यांच्याच नद्यांवर मासे धरल्याबद्दल अटका झाल्या. 1974 मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की अशा करारांमुळे धरता येण्याजोग्या सॅमनपैकी निम्म्यावर करार केलेल्या आदिवासींचा हक्क आहे. आज मी ज्या कोट्यातून मासा धरते तो त्या निकालानंतर दरवर्षी राज्य आणि आदिवासी यांनी मिळून बसून ठरवलेला असतो. हे मला आधी कायद्याचं कलम वाटायचं. आता धक्क्यावर एखाद्या म्हाताऱ्या मच्छीमाराने हात लांबवून "तिकडे ओहोटीत जाऊ नकोस" म्हटलं की मी का म्हणून विचारत नाही. आधी जाणं टाळते, मग कारण काय ते विचारते.

आणि ज्या माशासाठी हे सगळं, त्याचीही आठवण ठेवावी लागते. या पाण्यात राहणारे किलर व्हेल, ज्यांना सदर्न रेसिडेंट म्हणतात, मुख्यतः चिनूक खाऊनच जगतात, आणि 2005 पासून ते अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. चिनूक कमी झाले, ते उपाशी राहू लागले. पूर्वेला, पोर्ट एंजलीसजवळ एल्वा नदी सामुद्रधुनीला मिळते. तिच्यावरची दोन धरणं 2011 ते 2014 या काळात पाडली, आणि शतकभर अडवलेल्या वाटेवरून सॅमन पुन्हा वर जाऊ लागले. त्या सकाळी मी सोडलेला रानटी चिनूक कुठल्या नदीचा होता हे कळायला मार्ग नाही. पण त्याला पाण्यातच सोडलं, वर उचललं नाही, याचं समाधान मला अजून आहे. सव्वा किलोमीटर वाहून जाऊन हाती काही आलं नाही, असं मी तेव्हाही मानलं नाही.

यंदा आम्ही नव्या ठिकाणी गेलो, व्हिडबी बेटाच्या पश्चिमेला, ॲडमिरल्टी इनलेटवर. सिएटल आणि टकोमाकडे जाणारं प्रत्येक मोठं जहाज इथून जातं, आणि प्युजेट साउंडचं जवळजवळ सगळं पाणीही याच वाटेने आत-बाहेर करतं. वर्ष विषम होतं, म्हणजे पिंक सॅमनचं. हा मासा दोन वर्षंच जगतो, आणि या भागात तो विषम वर्षीच मोठ्या संख्येने परततो. किनाऱ्यावर लोक रांगेने उभे राहून गळ टाकत होते.

मी रॉड गाडीत ठेवला. नवऱ्याने वेळ लिहून घेतली, मी म्हटलेली वेळ मला परत वाचून दाखवली, आणि फोन खिशात न ठेवता हातातच ठेवला. मी केल्पच्या बाहेरच्या कडेला जाऊन थांबले. पट्ट्या दक्षिणेकडे वाहत होत्या, म्हणजे अजून भरती. मग त्या हळूहळू सैल पडल्या. फुगे वर आले, सरळ उभे राहिले. वल्ह्यापासून हाताच्या अंतरावर एक पिंक उडाला, अंगावर पाण्याचे थेंब पडले. त्याच्यामागे दुसरा, आणि मग तीस-चाळीस हात लांब पाणी उकळल्यासारखं झालं. मी हलले नाही. वही काढली, पेन्सिलचं टोक दातांनी नीट केलं, आणि लिहिलं:

6.52. बाहेर पाणी थांबलं. तक्त्यापेक्षा 17 मिनिटं उशिरा. आत किनाऱ्यालगत आधीच उत्तरेकडे.